वाट्याला आलेली बाजू

तळेगावजवळच्या आंबी गावात बाजीराव आबांच्या नव्या बंगल्याच्या गच्चीवर एक खोली आहे. चांगली स्लॅबची, आणि तिला जिना बाहेरून. या खोलीत बसून दोन पोरं भांडायची आणि जग ते बघायचं. एक आबांचा थोरला सत्यम, दुसरा डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतला हृतिक. पहिलीपासून दोघं एका बाकावर. यूट्यूबवर त्यांचं ‘दोन बाजू’ नावाचं चॅनल होतं. टीव्हीला जोडून खेळायची ती गेमची मशिनं असतात ना, कन्सोल म्हणतात त्यांना, त्यांच्यावर मराठीतून कडाक्याचा वाद घालायचा. एकाने हो म्हणायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. आता तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टींवर भांडायला माणसांना वेळ कुठून मिळतो? मिळतो हो. रस्त्यातल्या खड्ड्यांवर कुणी पाच मिनिटं धड बोलत नाही, पण कन्सोलच्या पंख्यावर पोरं एकमेकांची आई-बहीण काढतात.

खोली, कॅमेरा, कन्सोल, दिवे सगळं सत्यमचं. त्या खोलीत डोकं होतं ते हृतिकचं. हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण पुढे ते कुणी सांगत नाही. हृतिक आंबीच्याच एका कारखान्यात पॅकिंगला होता, कंत्राटावर. थोडे महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा पाया पडायचं. पण जेवणाच्या सुट्टीत हा गडी डबा मांडीवर आणि मोबाईल हातात घेऊन कुठल्या मशिनची चिप काय करते ते वाचत बसलेला असायचा. प्रत्येक वादाच्या आधी दोन्ही बाजूंचे मुद्दे तोच काढायचा. हो म्हणणाऱ्याचे वेगळे, नाही म्हणणाऱ्याचे वेगळे. सत्यमला मत असं नव्हतंच. त्याला बोलायची हौस होती, आवाज होता, चेहरा होता. मुद्दा हातात दिला की तो असा काही फेकायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या आतड्यातून आलंय.

मग कुणी कुठली बाजू घ्यायची? ते ठरायचं ‘ओली की सुकी’वर. गावात पोरं क्रिकेट खेळताना बॅटिंग ठरवायला नाणं कुठून आणणार? फुटक्या माठाची चपटी खापरी घ्यायची, एका अंगाला थुंकायचं आणि वर उडवायची. तेच यांनी चॅनलला आणलं. ओली पडली की हृतिकने ‘हो’ म्हणायचं, सुकी पडली की ‘नाही’. एकदा बाजू आली की मनात काय आहे ते विसरून जीव तोडून लढायचं. आणि हे बघणाऱ्यांना कधी कळू द्यायचं नाही. ही अट सत्यमची. लोकांना भांडण खरं लागतं, त्यांना कळलं की ही नुसती खेळातली बाजू आहे तर कुत्रं फिरकणार नाही, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तो छातीवर हात ठेवून म्हणायचा की इथं जे मनात तेच ओठात. हृतिकला ते जरा खुपायचं, पण तोही शेजारी बसून हसत मान हलवायचा. त्याची चूक म्हणायची तर ही एवढी, पण ती काही थोडी नव्हती.

गेल्या दिवाळीच्या आधी हृतिकला पुण्याहून एका बाईंचा फोन आला. माधवी नाव. मोबाईल, कॉम्प्युटर, गेम यांच्यावर मराठीत लिहिणारी एक वेबसाइट त्या चालवत होत्या आणि त्यांना एक माणूस हवा होता. कायमचा, पगारी, मशिन वापरून त्यावर मराठीत खरं काय ते लिहिणारा. त्यांनी हृतिकचे बरेच व्हिडिओ बघितले होते. त्या म्हणाल्या की मराठीत बोलणारे पुष्कळ आहेत, पण ज्याच्यावर वाचकाने विश्वास ठेवावा असा सापडत नाही, आणि तसे तुम्ही आहात. अ‍ॅस्ट्रा कंपनीचं नवीन मशिन येतंय त्यावरचा तुमचा वाद बघते आणि मग तुम्हाला भेटायला बोलावते.

हृतिकच्या आयुष्यात त्याच्यावर विश्वास आहे असं कुणी फोन करून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने खोकी भरताना दोनदा चुकीचं लेबल चिकटवलं आणि सुपरवायझरच्या शिव्या हसत हसत खाल्ल्या. संध्याकाळी त्याने ते सगळ्यात आधी कुणाला सांगावं? सत्यमला. सत्यमने त्याच्या पाठीवर थाप मारली, “लेका, जिंकलास,” म्हणाला आणि मग बराच वेळ मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. त्याचंही एक दुखणं होतं. आबांनी जमीन कारखान्याला दिली, बंगला झाला, गाडी झाली, पण सत्यमला मुलगी मिळेना. पाहुणे यायचे, बंगला बघायचे, पोहे खायचे आणि विचारायचे की मुलगा करतो काय. यूट्यूबवर भांडतो असं सांगायची सोय नव्हती. नोकरी नाही म्हटलं की पाहुणे कळवतो म्हणून जायचे आणि कळवायचे नाहीत. आबा जेवताना एकेक शब्द टोचून बोलायचे. हे हृतिकला ठाऊक होतं, पण आपल्या आनंदाचा त्याच्याशी काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर अ‍ॅस्ट्राचं नवीन मशिन आलं. खोक्यावर, बोर्डांवर, जाहिरातीत एकच शब्द, नेक्स्ट जेन. म्हणजे ही नुसती सुधारलेली आवृत्ती नाही, पुढची पिढीच आली. कंपनीने लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर चॅनलवाल्या पोरांना बोलावलं, दिवसभर मशिन हाताळायला दिलं, जेवू घातलं आणि निघताना प्रत्येकाला एक पिशवी दिली. तीत टोपी, पेन आणि काळा टी-शर्ट होता. टी-शर्टच्या छातीवर चंदेरी अक्षरात तोच शब्द. परतताना दोघं सत्यमच्या बुलेटवर कार्ल्यापाशी ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून रस्त्याकडेच्या टपरीवर वडापाव खायला थांबले. सत्यमने विचारलं, खरं सांग, कसं वाटलं मशिन?

हृतिकने तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, “कसलं नेक्स्ट जेन? खेळ तोच हाय. पंख्याचा आवाज तेवढा कमी झालाय.”

सत्यमला इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. मग हृतिकने त्याला बारकाईने समजावलं. आतला मुख्य प्रोसेसर जुन्याच घराण्यातला आहे, फक्त जोरात पळवलाय. मेमरी तेवढीच. चित्र जास्त स्वच्छ दिसतं, पण ते मशिन पूर्ण काढत नाही, लहान काढतं आणि उरलेलं अंदाजाने भरून मोठं करतं. जुन्या मशिनवर जो चालणारच नाही असा एकही खेळ तिथे नव्हता. पिढी बदलली म्हणायचं तर आधी खेळ बदलायला पाहिजे ना? त्याचं मत पक्कं होतं आणि हेच मत माधवी मॅडमना ऐकवायचं, असं त्याने तिथे वड्याच्या कागदाला हात पुसता पुसता ठरवून टाकलं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो पहिल्या पाळीवरून थेट गच्चीवर आला. वादाचा प्रश्न होता, हे मशिन खरंच नेक्स्ट जेन आहे का? सत्यमने खापरी काढली तसा हृतिक म्हणाला, “या खेपेला खापरी नको. माझं मत ‘न्हाई’च हाय, आन त्या मॅडम बघनारेत. मला ‘न्हाई’ घिऊ दे.”

सत्यम म्हणाला की नियम म्हणजे नियम. आजवर एकदा तरी मोडला का? बाजू कुठलीही येवो, पेलून दाखवतो तोच खरा, असं तूच म्हणायचास. मॅडमना काय, तू कसा बोलतोस ते बघायचंय. हृतिकला ते पटलं असंही नाही आणि नाही म्हणवलं असंही नाही. दुसऱ्याच्या खोलीत बसून, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे, आपला हट्ट किती ताणायचा याचा एक अंदाज वाडीतल्या पोरांना लहानपणापासून असतो. सत्यमने खापरी उडवली. ओली पडली.

वर आणखी एक झालं. कारखान्याचा निळा शर्ट घामाने भिजला होता आणि पाठीला वंगण लागलं होतं. लोणावळ्याहून आणलेली पिशवी खोलीत तशीच पडली होती. सत्यम म्हणाला, त्यातला टी-शर्ट घाल की, कोरा आहे. त्याच्या स्वतःच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. हृतिकने टी-शर्ट घातला. तुमच्यामाझ्या डोक्यात लगेच उजेड पडतो, पण ज्याच्याकडे कोरा कपडा दिवाळीलाच येतो त्याला कोऱ्या कपड्यात दुसरं काही दिसत नाही.

आणि मग तो बोलला. काय बोलला म्हणून सांगू! तो म्हणाला की पिढी आकड्यांत मोजायची नसते. आजवर खेळात उजेड आणि सावली आधीच रंगवून ठेवलेली असायची, हे मशिन प्रत्येक किरण कुठे आपटून कुठे जाईल त्याचा हिशोब त्या क्षणी करतं. जुन्या खेळांत मध्येच लिफ्ट का येते, अरुंद भुयार का येतं? कारण मशिनला पुढचा भाग उचलून आणायला वेळ लागतो आणि तोवर खेळणाऱ्याला कुठेतरी अडकवून ठेवायचं असतं. आता ते भुयार लागणार नाही. म्हणजे खेळ बनवणाऱ्याला जे सुचायचीच सोय नव्हती ते आता सुचेल. आज तसा खेळ नाही म्हणून मशिन जुनं ठरत नाही, असं तो टेबलावर हात आपटून म्हणाला. स्वतःच्या मताच्या विरुद्ध त्याने एवढं सुंदर भांडण केलं की क्षणभर त्याचं त्यालाच खरं वाटलं.

सत्यमने त्याला शांतपणे बोलू दिलं. मग कॅमेऱ्याकडे वळून, थोडं हसून, तो म्हणाला, “मित्रांनो, खेळ तोच आहे. पंख्याचा आवाज तेवढा कमी झालाय.” आणि कार्ल्याच्या टपरीवर ऐकलेलं एकेक वाक्य त्याने ओळीने मांडलं. प्रोसेसरचं घराणं, तेवढीच मेमरी, अंदाजाने भरलेलं चित्र, सगळं. हृतिक समोर बसून आपलंच मत त्याच्या तोंडून ऐकत होता आणि नियमाप्रमाणे ते खोडून काढत होता.

व्हिडिओ तुफान चालला. पंख्याचं वाक्य पोरांनी कापून घेतलं, त्याला संगीत लावलं, स्टेटसला ठेवलं. नेक्स्ट जेन म्हणत मशिन घेतलेले चिडले, न घेतलेले खूश झाले. एकजण कागदावरचे आकडे दाखवी, दुसरा जुन्या आणि नव्या चित्रांची जोडी लावून फरक शोधा म्हणे. तोवर ठीक होतं. मग कुणाचं तरी लक्ष टी-शर्टकडे गेलं. हृतिकच्या छातीवरच्या चंदेरी अक्षरांना लाल गोल काढलेलं चित्र फिरायला लागलं. विकला गेला. कंपनीचा कपडा घालून कंपनीचं गातोय. लोणावळ्याच्या रिसॉर्टमधला दोघांचा फोटोही निघाला, पण त्यातला सत्यम कुणाला दिसला नाही, कारण सत्यम तर कंपनीच्या विरुद्ध बोलला होता. सत्यम खरा माणूस ठरला. लोक लिहायचे, भाऊ, तू एकटाच इमानदार आहेस, असल्या मित्राला लाथ घाल. सत्यम त्याच्याखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकायचा.

हृतिकने त्याला म्हटलं, सांगून टाक ना की बाजू खापरीवर ठरली होती. सत्यम म्हणाला, थांब जरा, आपोआप थंड होईल. आता सांगितलं तर आजवरचे सगळेच व्हिडिओ खोटे ठरतील, तुझे आणि माझे. यात तथ्य नव्हतं असं नाही. म्हणून हृतिक मूग गिळून बसला.

मग माधवी मॅडमचा फोन आला. आवाज कोरडा होता. त्या म्हणाल्या की येऊन भेटा, मला समोरासमोर ऐकायचंय. जाण्याच्या आदल्या दिवशी हृतिक गच्चीवर गेला आणि सत्यमला म्हणाला की लोकांना नको सांगूस, चॅनल राहू दे तसंच. पण त्या एका बाईंनी विचारलं तर त्यांना तरी खरं सांग. तेवढं एक कर माझ्यासाठी. सत्यम म्हणाला, “सांगतो की. त्यात काय येवढं?” आणि त्याने घोरावाडी स्टेशनवर बुलेटवरून सोडायचीही तयारी दाखवली. सकाळी सोडलंसुद्धा.

माधवी मॅडमचं ऑफिस शिवाजीनगरला एका बँकेच्या वर होतं. बाई वाईट नव्हती. पाणी दिलं, चहा मागवला, मग सरळ विचारलं. हृतिकने सगळं सांगितलं. ओली-सुकी, खापरी, टी-शर्ट, निळ्या शर्टाचं वंगण. शेवटी तो म्हणाला की मॅडम, मशिनबद्दल माझं मत सत्यम बोलला तेच आहे, शब्दन् शब्द माझा आहे. सांगताना त्यालाच ते लंगडं वाटायला लागलं. पकडला गेलेला माणूस असंच काहीतरी सांगेल, नाही का? माधवी मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुम्ही म्हणता तसं असेल तर सत्यम सांगेलच. मी फोन लावते, स्पीकरवर ठेवते, तुम्ही मध्ये बोलू नका.

सत्यमने लगेच उचलला. पुण्याच्या माणसाशी बोलताना त्याच्या ‘न्हाई’चं ‘नाही’ व्हायचं, तसं झालं. माधवी मॅडमनी विचारलं की व्हिडिओत कोण कुठली बाजू घेणार हे तुम्ही आधी ठरवता का, टॉस वगैरे करून?

सत्यमचा आवाज स्पीकरवर स्वच्छ आला. “नाही मॅडम. असं काही नसतं. आमच्याकडे जे मनात तेच ओठात.”

मुद्दे कोण काढतं, त्यांनी विचारलं. “माझे मी काढतो. त्याचे तो,” सत्यम म्हणाला. मग आवाज खाली आणून, अगदी काळजीने, तो पुढे म्हणाला, “त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही हो मॅडम. लहानपणापासूनचा दोस्त आहे. पण घरची परिस्थिती तशी आहे त्याची. मोह होतो माणसाला.”

हृतिकच्या कानशिलात कुणी मारली असती तर बरं, असं त्याला झालं. शिवी दिली असती तर शिवी परत करता आली असती. हा तर आईच्या मायेने बोलल्यासारखं बोलत होता आणि त्याच मायेने गळा कापत होता. मध्ये बोलू नका म्हणून सांगितलेलं विसरून तो फोनवर वाकला आणि म्हणाला, “सत्यम, मी हितंच बसलोय.”

हृतिकला वाटलं, आता तो अडखळेल, आता फोन ठेवेल, काहीतरी होईल. सत्यम म्हणाला, “अरे, तू आहेस होय? बरं झालं. मग तूच सांग ना मॅडमना, खरं काय ते.”

काय सांगायचं? खापरीला साक्षीदार कोण होतं? दोन माणसांनी मिळून एक गोष्ट लपवली होती, चांगली झाकून, पक्की, आणि आता त्यातल्या एकाने ती नव्हतीच म्हटल्यावर दुसऱ्याच्या हातात धत्तुरा उरला होता. माधवी मॅडमनी फोन बंद केला. हृतिकच्या तोंडाकडे बघून त्यांना काही कळलं असावं, नाही असं नाही, कारण त्या बराच वेळ त्याच्याकडे बघेनात. मग म्हणाल्या, “हे तुमचं तुम्ही मिटवा. आमच्याकडे वाचकाचा विश्वास एवढीच पुंजी आहे. मला यात पडता येणार नाही.” खऱ्याखोट्याचा निवाडा त्यांनी केलाच नाही. ज्याच्या नावाला डाग लागलाय तो नको, मग डाग कुणी का लावलेला असेना, एवढा साधा त्यांचा हिशोब होता. आणलेला चहा हृतिकने पूर्ण प्यायला, कारण टाकून उठायचं कसं हे त्याला कळेना.

परतीच्या लोकलमध्ये बसल्या बसल्या त्याने त्या व्हिडिओखाली स्वतःच्या नावाने लिहिलं की बाजू खापरीवर ठरली होती, सत्यम बोलला ते माझं मत होतं, मी कुणाकडून काही घेतलेलं नाही. देहूरोड यायच्या आत खाली उत्तरं आली. आता पलटी मारतोय. कंपनीने पैसे बुडवले वाटतं. एकाने लिहिलं, सत्यम भाऊंचं मत तुझं? भाऊंच्या चपलेची लायकी नाही तुझी. घोरावाडीला उतरला तेव्हा ते त्याने लिहिलेलं तिथे नव्हतंच. चॅनलची चावी सत्यमकडे होती. फलाटावर सत्यम नव्हता हे एक बरं झालं, नाहीतर हातून काय घडलं असतं कुणास ठाऊक. हृतिक वाडीपर्यंत चालत गेला.

त्यानंतर तो गच्चीवर गेला नाही आणि सत्यमनेही बोलावलं नाही. कारखान्यात ब्रेक लागला. भाताची झोडणी चालू होती म्हणून हृतिकची आई, बायडाबाई, आबांच्या खळ्यावर कामाला जायची. हृतिक घरी बसून राहायचा. मोबाईल त्याने लाकडी पेटीत टाकून दिला. आईने एक-दोनदा विचारलं की काय बिनसलं, तर तो काही नाही म्हणाला. तिला प्रोसेसर सांगायचा की खापरी सांगायची?

एका रविवारी सकाळी वाडीच्या वाटेवर बुलेटचा आवाज आला. सत्यम होता. हातात पेढ्यांचा खोका. बायडाबाईला वाकून नमस्कार केला, मावशी म्हणाला, तोंडात पेढा घातला. नोकरी लागली म्हणाला, पुण्यात, वेबसाइटवर. माधवी मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं. आणि तळेगावच्या पाहुण्यांनी होकार कळवला. बायडाबाईने त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. पोटच्या पोरासाठी मोडावीत तशी.

मग सत्यम हृतिकला बाजूला घेऊन गेला. त्याला शरम वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही, त्याची नजर सारखी जमिनीवर होती. तो म्हणाला की तेव्हा माझा नाइलाज होता, आबा, पाहुणे, सगळं तुला ठाऊक आहे. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? आणि मग त्याने खरी गोष्ट काढली. सोमवारी पहिला लेख द्यायचा होता. दोन दिवस बसला होता, एक ओळ धड होत नव्हती.

“तू लिहून दे ना,” सत्यम म्हणाला. “नेहमीसारखं. नाव माझं असलं म्हणून काय झालं? म्हणणं तर तुझंच जाणार लोकांपर्यंत.”

हृतिकने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला आतून वाटत होतं की हा माणूस चेष्टा करतोय, नाहीतर हिणवतोय. पण तसं काही नव्हतं. सत्यम मनापासून मागत होता, पहिलीत पाटीवरची गणितं मागायचा तसा. तेच हृतिकला सगळ्यात जास्त लागलं.

“न्हाई,” तो म्हणाला.

सत्यमने मान वर केली. एवढ्या वर्षांत नकार म्हणून हा शब्द त्याने कॅमेऱ्यापुढे सोडून हृतिकच्या तोंडून ऐकला नव्हता. तो म्हणाला की बघ, विचार कर, मी तुझं वाईट चिंतत नाही. मग पेढ्यांचा खोका दगडावर ठेवला आणि बायडाबाईला येतो मावशी म्हणून निघून गेला. बुलेटचा आवाज ओढ्याच्या पलीकडे जाईपर्यंत हृतिक तिथेच उभा होता.

बायडाबाई खोका उचलायला आली. तिला त्यांचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण पोराने दारी आलेल्याला धुडकावून लावलं एवढं तिने पाहिलं होतं. ती चिडली होती. आबांचं खळं अजून संपलं नव्हतं आणि पुढच्या लावणीलाही त्यांच्याच दारात जायचं होतं. एवढा चांगला पोरगा, गोड घेऊन घरी आला, आणि तुला तोंड वाकडं करायला काय झालं, असं ती बराच वेळ बोलत राहिली.

मग तिने खोका उचलून काखेत धरला. दारातून बाहेर एकदा डोकावली, जवळ आली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “खळ्यावर बाया बोलत व्हत्या. तू कंपनीकडून पैशे घेतलंस म्हणं.”

हृतिकला वाटलं, आता निदान ही तरी भांडेल, जाब विचारेल, थोबाडीत मारेल. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

“घेतलंस तर घेतलंस. मी काय म्हनत न्हाई,” ती म्हणाली. “समदीच घेत्यात. आपल्याला कोन देतं आपनहून? पन कुटं ठिवलंस ते सांग. पावसाच्या आधी घरावर पत्रं तरी टाकू.”

“म्या न्हाई घेतलं, आये,” हृतिक म्हणाला. “कुनाकडूनच न्हाई.”

बायडाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. घाबरलाय, आईलासुद्धा सांगत नाही, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचा तिला रागही आलेला नव्हता.

“बरं,” ती म्हणाली, आणि पेढे झाकून ठेवायला आत गेली.